शस्त्रक्रियेस अयोग्य अर्बुद : एका रुग्णाचा अनुभव आणि आपला चिकित्साविचार

कर्करोग रुग्णालयाच्या कागदपत्रांवर ‘शस्त्रक्रियेस अयोग्य’ असा शेरा पडला की पुष्कळसे रुग्ण थोड्याच दिवसांत एखाद्या वैद्याची पायरी चढतात. हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. अशा वेळी रुग्णाच्या किंवा आप्तेष्टांच्या हाती बहुधा एक कात्रण असते, किंवा कानावर आलेली एक हकीकत असते : अमक्याला असाच रोग होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, अमुक उपचाराने तो खडखडीत बरा झाला. अशा हकीकतीचे मूल्य किती मानावे, हा प्रश्न वैद्याइतकाच औषधालय चालविणाऱ्यालाही टाळता येत नाही. कारण कात्रणातील औषधाची मागणी प्रथम त्याच्याच गल्ल्यापाशी होते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एका परदेशी रुग्णाचा वृत्तांत घेतला आहे. रुग्ण जगप्रसिद्ध होता, व्याधी अतिदुर्मीळ होता आणि पर्यायी उपचाराचे सर्व तपशील सार्वजनिक झालेले आहेत. पुढे त्याच उपचारांची रीतसर परीक्षाही झाली. एका माणसाचे कथन आणि त्याच उपचाराची मोजदाद या दोन्ही गोष्टी एकत्र पाहावयास मिळण्याचा असा योग क्वचितच येतो.

व्याधिपरिचय

हा व्याधी म्हणजे मेसोथेलियोमा. फुफ्फुसावरण, उदरावरण, क्वचित हृदयावरण यांच्या पातळ अस्तरापासून उत्पन्न होणारे हे घातक अर्बुद होय. बहुसंख्य रुग्णांत याचे कारण ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात जाणे हे असते. या हेतूचे वैशिष्ट्य असे की, संपर्क घडल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः २० ते ५० वर्षे जातात. रुग्ण ते काम विसरून गेलेला असतो आणि वैद्यानेही विचारलेले नसते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे जे स्वरूप सांगितले आहे, त्यात ते वाटोळे, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि पाक न पावणारे असे आहे. मेसोथेलियोमा यातील काही लक्षणांना जुळतो, पण वाटोळेपणाला मुळीच जुळत नाही. दुधावर साय धरावी तसा तो फुफ्फुसावर पसरतो आणि कालांतराने त्या सायीची जाड साल होऊन फुफ्फुस आवळले जाते. शस्त्राने काढावयाचे तर रोगट भाग कोठे संपला आणि निरोगी कोठे सुरू झाला, याची रेघच सापडत नाही. हा रोग शस्त्रक्रियेस अयोग्य ठरतो तो बहुधा या कारणाने. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मार्स-२’ या ब्रिटिश चाचणीत केमोथेरपीच्या जोडीला विस्तृत शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांपेक्षा केवळ केमोथेरपी घेतलेले रुग्ण अधिक जगले. म्हणजे जेथे शस्त्र चालविणे शक्य मानले होते, तेथेही त्याचा लाभ दिसला नाही. (अर्बुद म्हणजे कॅन्सर असे सरसकट समीकरण मांडण्याची आपल्या लेखनात जी सवय जडली आहे, तिचा पुनर्विचार अशा व्याधींच्या संदर्भात अवश्य व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.)

प्रारंभी रुग्ण येतो तो श्वास, कास, पार्श्वशूल आणि छातीत पाणी घेऊन. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की प्रथम क्षयाची शंका येते व ती स्वाभाविकही आहे. परंतु क्षयाचे औषध नियमित घेऊनही पाणी पुनःपुन्हा भरत असेल, त्यात रक्ताचा अंश असेल आणि वजन उतरत असेल, तर त्या रुग्णास पुढील तपासणीसाठी पाठविण्यात विलंब करू नये.

रुग्ण व त्याचा उपचारक्रम

स्टीव्ह मॅक्वीन हा अमेरिकन चित्रपट-अभिनेता. जन्म २४ मार्च १९३०. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०), ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३), ‘बुलिट’ (१९६८), ‘पॅपिलॉन’ (१९७३) हे त्याचे चित्रपट मुंबई-पुण्याच्या जुन्या प्रेक्षकांना आठवत असतील. मोटारींच्या शर्यतीचा त्याला नाद होता आणि प्रकृती काटक होती.

१९७८ च्या सुमारास त्याला खोकला जडला. धूम्रपान सोडले, प्रतिजैविके झाली, खोकला हटेना. पुढे दम लागू लागला. डिसेंबर १९७९ मध्ये बायॉप्सी झाली आणि फुफ्फुसावरणाचा मेसोथेलियोमा असल्याचे निष्पन्न झाले. तारुण्यात, १९४७ ते १९५० या काळात, तो नौसैनिकी दलात होता. तेथे शिक्षा म्हणून एका जहाजावरील नळांचे ॲस्बेस्टॉसचे वेष्टन सोलण्याचे काम आपणास करावे लागले होते, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. शर्यतीच्या वेळी घालावयाच्या अग्निरोधक पोशाखांतही त्या काळी ॲस्बेस्टॉस असे. संपर्क आणि लक्षण यांत सुमारे तीस वर्षांचे अंतर पडले, ते व्याधीच्या स्वभावास धरूनच आहे.

१९८० च्या फेब्रुवारीत रोग शरीरात अन्यत्र पसरल्याचे आढळले. आयुष्य वाढविण्याजोगे काही आमच्यापाशी नाही, असे अमेरिकेतील डॉक्टरांनी सांगितले. आणि त्या वर्षी ते खरेच होते. जुलै १९८० मध्ये मॅक्वीन मेक्सिकोतील रोसारितो बीच येथे गेला. तेथे त्याच्यावर विल्यम डोनाल्ड केली यांच्या पद्धतीने उपचार सुरू झाले. केली हे मुळात दात सरळ करणारे दंतवैद्य. स्वतःचा स्वादुपिंडाचा कर्करोग आपण स्वतःच बरा केला, असा त्यांचा दावा होता. त्यांचा व्यवसायाचा परवाना १९७६ मध्ये काढून घेण्यात आला होता. उपचारांत कॉफीचे एनिमा, स्वादुपिंडाचे पाचकद्रव्य, गायी-मेंढ्यांच्या जिवंत पेशी असलेली इंजेक्शने, मर्दन, विशिष्ट आहार आणि लेट्राइल यांचा समावेश होता. सुमारे तीन महिन्यांच्या या वास्तव्यासाठी त्याने दरमहा ४०,००० डॉलरहून अधिक रक्कम रोख मोजल्याचे नोंदले गेले आहे.

ऑक्टोबर १९८० मध्ये मॅक्वीनच्या आवाजातील एक निवेदन मेक्सिकन दूरचित्रवाणीवरून ऐकविण्यात आले. त्यात त्याने आपला जीव वाचविल्याबद्दल त्या देशाचे आभार मानले होते. तो पूर्ण बरा होऊन नेहमीच्या आयुष्यात परतेल, असे केली यांनीही जाहीर केले. त्याच महिन्यात उदरातील गाठी झपाट्याने वाढल्या. अमेरिकन डॉक्टरांनी हृदयास हा ताण सोसणार नाही असे बजावले असतानाही त्याने मेक्सिकोतीलच सियुदाद हुआरेस येथील एका लहान रुग्णालयात, खोट्या नावाने दाखल होऊन, शस्त्रक्रिया करवून घेतली. यकृतावरील सुमारे पाच पौंडांची गाठ काढली गेली. काही तासांनी, ७ नोव्हेंबर १९८० रोजी पहाटे, हृदयक्रिया बंद पडून तो मरण पावला. तेव्हा तो ५० वर्षांचा होता.

बरे वाटणे आणि बरे होणे

या वृत्तांतातील आपल्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगा भाग म्हणजे ऑक्टोबरमधील ते निवेदन. ते खोटे होते, असे मानण्याचे कारण नाही. मॅक्वीनला त्या क्षणी बरे वाटत असावे. विश्रांती, नियमित आहार, दिवसभर कोणीतरी लक्ष देणारे, अंगमर्दन आणि मुख्य म्हणजे ‘काहीतरी चालू आहे’ ही भावना, यांनी कोणाही आर्तास बरे वाटते. पण अर्बुद त्याच वेळी वाढत होते.

आपण वैद्य येथे फसण्याचा संभव अधिक आहे, कारण निदानपंचकात आपल्याला उपशय शिकविलेला आहे. औषध, अन्न व विहार यांचा सुखकारक उपयोग झाला की त्यावरून व्याधीचे स्वरूप ताडावे, ही त्याची योजना. गूढलिंग व्याधीत संशयनिवृत्तीसाठी ते साधन आहे. उपशय मिळाला म्हणजे व्याधीचे मूळ तुटले, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. तरीही आपल्या नियतकालिकांत येणाऱ्या रुग्णवृत्तांतांत ‘रुग्णास उपशय मिळाला’ या वाक्यापुढे ‘अर्बुदनाश झाला’ हे वाक्य कित्येकदा कसल्याही छायाचित्राशिवाय, कसल्याही मापाशिवाय येते.

आता मोजदादीकडे वळू. लेट्राइलचा अमेरिकेत इतका बोलबाला होता की १९७८ पर्यंत ७०,००० हून अधिक लोकांनी ते घेतल्याचा अंदाज होता. त्या देशाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सुमारे ३,८५,००० डॉक्टरांना व लेट्राइलच्या पुरस्कर्त्या संघटनांना पत्रे लिहून, ज्यांना लाभ झाला अशा रुग्णांची कागदपत्रे पाठवा, असे आवाहन केले. आली ९३. त्यांतील ६७ तपासण्याजोगी होती. तज्ज्ञांना दोघांत अर्बुद पूर्ण नाहीसे झालेले व चौघांत लहान झालेले आढळले. यावरून निश्चित काही ठरविता येत नाही असा अभिप्राय त्यांनी दिला, पण विषय तेथेच सोडला नाही. मेयो क्लिनिक व अन्य तीन केंद्रांत १७८ रुग्णांवर प्रत्यक्ष चाचणी झाली. केवळ लेट्राइल नव्हे, तर त्याबरोबरचा आहार, पाचकद्रव्ये आणि जीवनसत्त्वे हा सर्व ‘चयापचयी’ उपचार त्यात दिला गेला. म्हणजे मॅक्वीनच्या उपचाराच्या बराच जवळचा.

१९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १७८ पैकी एकाच रुग्णात अर्बुद काही आठवडे लहान झाले. शिरेवाटे द्यावयाचा पहिला क्रम संपतो न संपतो तोच निम्म्याहून अधिकांचा रोग वाढलेला होता, आणि सात महिन्यांत सर्वांचाच वाढला. निम्मे रुग्ण उपचार सुरू केल्यापासून पाच महिन्यांच्या आतच दगावले. कित्येकांत सायनाइडची विषलक्षणे दिसली. आणि तरीही सुमारे २० टक्के रुग्णांनी मध्यंतरी कधीतरी ‘लक्षणे कमी वाटली’ असे सांगितले होते! हा आकडा लेखकाला फार बोलका वाटतो. १७८ मधील वीस टक्के म्हणजे पस्तीस-छत्तीस माणसे होतात. त्यांतील एखाद्याचे निवेदन त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर आले असते, तर मॅक्वीनच्या निवेदनापेक्षा ते वेगळे नसते.

केली यांच्या पद्धतीची परीक्षाही झाली. निकोलस गोन्झालेझ या डॉक्टरांनी ती पुढे चालविली होती. कोलंबिया विद्यापीठात स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेस अयोग्य कर्करोगाच्या ५५ रुग्णांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यास रुग्ण राजी होईनात, म्हणून उपचार निवडण्याची मोकळीक रुग्णांनाच देण्यात आली. ३२ जणांनी पाचकद्रव्ये व कॉफी एनिमाचा मार्ग पत्करला, २३ जणांनी केमोथेरपीचा. मध्यक आयुर्मान पहिल्या गटात ४.३ महिने आणि दुसऱ्यात १४ महिने निघाले. जीवनाची गुणवत्ताही केमोथेरपीच्याच गटात बरी राहिली. रुग्णांनी पथ्य नीट पाळले नाही, असा आक्षेप गोन्झालेझ यांनी घेतला. तो आक्षेप आपल्याला परिचयाचा आहे. औषध लागू पडले नाही की अपथ्याकडे बोट दाखविण्याचा मोह आपल्याकडेही होतोच.

दुर्मीळ व्याधीत आणखी एक पेच असतो. मॅक्वीनच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, जुलै १९८२ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठातील जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना उदरावरणाचा मेसोथेलियोमा झाल्याचे कळले. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचले, तेव्हा मध्यक आयुर्मान आठ महिने लिहिलेले होते. गूल्ड यांनी १९८५ च्या एका निबंधात यावर विवेचन केले. मध्यक आठ महिने म्हणजे अर्धे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात. उरलेल्या अर्ध्यांची शेपटी मात्र बरीच लांब असू शकते. ते स्वतः त्या शेपटीत होते. शस्त्रक्रिया व केमोथेरपी घेऊन ते वीस वर्षे जगले आणि मे २००२ मध्ये त्या अर्बुदाशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच कर्करोगाने निवर्तले. आता अशी कल्पना करावी की गूल्ड यांनी त्या वीस वर्षांत रोज जर्दाळूचा मगज खाल्ला असता, किंवा आपल्यापैकी कोणाचा एखादा क्वाथ घेतला असता. ‘आठ महिन्यांचा रुग्ण वीस वर्षे जगला’ ही जाहिरात कोणाच्या नावे लागली असती? हजारात दोन-चार रुग्ण असे निघतातच. ते ज्याच्या दारात सापडतात, श्रेय त्याला मिळते. उरलेले पुन्हा येत नाहीत आणि त्यांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

कॉफीचा एनिमा हा बस्ती आहे काय?

अलीकडे काही ठिकाणी कॉफी एनिमास ‘आधुनिक बस्ती’ म्हणून गौरविले जाते. हे शास्त्राला धरून नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, दुसऱ्या अध्यायात, आस्थापन कोणास देऊ नये याची यादी आहे. अतिदुर्बल, अतिकृश, श्वास व कासाने पीडित, उदरात पाणी झालेला, हे सर्व त्यात येतात. मॅक्वीनला खोकला होता, दम होता, बल क्षीण झालेले होते. आपल्या शास्त्राप्रमाणे तो आस्थापनास अपात्र रुग्ण ठरतो. त्याच वर्षी, १९८० साली, कॉफी एनिमांमुळे क्षार व जलाचे संतुलन बिघडून झालेल्या दोन मृत्यूंची नोंद एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली होती. जी क्रिया मात्रा, काल, बल व कोष्ठ पाहून द्यावयाची, ती दिवसातून अनेकदा, घरच्या घरी, मोजमापाशिवाय करणे हा पंचकर्माचा अपभ्रंश म्हणावा लागेल.

जर्दाळूचा मगज : औषधालयासाठी विशेष

लेट्राइल हे ॲमिग्डॅलिनपासून बनविलेले द्रव्य. ॲमिग्डॅलिन १८३० मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कडू बदामातून वेगळे काढले. जर्दाळूच्या बीमध्येही ते भरपूर असते. ‘जीवनसत्त्व बी-१७’ हे नाव त्याला विक्रीच्या सोयीसाठी मिळाले. ते जीवनसत्त्व नाही. त्याच्या अभावाने कोणताही रोग होत नाही. बी चावली किंवा पोटात गेली की बीमधील व आतड्यातील जंतूंच्या विकरांमुळे ॲमिग्डॅलिन फुटते आणि साखर, बेंझाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. म्हणूनच शिरेवाटे देण्यापेक्षा तोंडाने देणे अधिक धोक्याचे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये असे सांगितले की, एका वेळी तीनपेक्षा अधिक लहान कच्च्या बिया खाल्ल्या तरी प्रौढाच्या बाबतीत सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. ‘रोज वीस-तीस बिया’ सांगणारी कात्रणे या पार्श्वभूमीवर वाचावी.

गोड जात आणि कडू जात यांत फार फरक असतो, हे सुक्यामेव्याच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असते. दगडी कवच फोडून आतला गोड मगज खाण्याची रीत जुनी आहे आणि त्यात ॲमिग्डॅलिन अल्प असते. कर्करोगाच्या नावाने जी मागणी होते ती मुद्दाम कडू बियांची असते. वत्सनाभ किंवा भल्लातक शोधनाशिवाय आपण पुडीत बांधून देत नाही. मग शोधन नाही, मात्रा ठरलेली नाही, ग्रंथाधार नाही, असे सविष द्रव्य ‘नैसर्गिक आहे’ एवढ्याच आधारावर क्षीण रुग्णाच्या हाती का द्यावे? शिवाय १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोगाचे नाव आहे. काचेवर चिकटविलेला ‘कॅन्सरवर गुणकारी’ हा कागदही जाहिरातच ठरतो.

आपल्या चिकित्सालयात

मग अशा रुग्णास वैद्याने परत पाठवावे काय? मुळीच नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात साध्यासाध्यतेचे भेद मांडले, त्यांत सुखसाध्य व प्रत्याख्येय यांच्या मध्ये याप्य हा भेद आहे. व्याधी समूळ जाणार नाही, पण पथ्य व औषध यांच्या आधाराने रुग्णास तोलून धरता येईल, अशी ती अवस्था. फुफ्फुसावरणाचा मेसोथेलियोमा आज याच्या जवळ येऊ लागला आहे. मॅक्वीनच्या काळी काहीच नव्हते. २००३ साली पेमेट्रेक्सेड व सिस्प्लॅटिन यांच्या संयोगाने मध्यक आयुर्मान ९.३ वरून १२.१ महिन्यांवर गेल्याचे दिसले. २०२० पासून निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब ही प्रतिकारशक्तीवर काम करणारी जोडी वापरात आली आणि तिच्या चाचणीत हे आयुर्मान १८.१ महिने झाले. महिन्यांचेच हे हिशेब आहेत, हे खरे. परंतु ज्याच्या मुलीचे लग्न पुढच्या वैशाखात आहे, त्याला हे महिने अल्प वाटत नाहीत. म्हणून ‘तिकडचे बंद करा, मग माझे सुरू करू’ ही अट वैद्याने घालू नये. मॅक्वीनच्या काळी तिकडे गमावण्यासारखे थोडे होते, आज तसे नाही.

समवेत चिकित्सा देताना काही गोष्टींची जाण हवी. पेमेट्रेक्सेड हे फोलेटविरोधी औषध आहे. त्याची विषाक्तता कमी व्हावी म्हणून रुग्णास फॉलिक ॲसिडच्या गोळ्या व बी-१२ ची इंजेक्शने मुद्दाम दिलेली असतात. ‘एवढ्या गोळ्या कशाला’ असे म्हणून त्या थांबविल्यास अपाय होतो. सिस्प्लॅटिन वृक्कांस बाधक आहे आणि पेमेट्रेक्सेडही मुख्यत्वे वृक्कांवाटेच बाहेर पडते. त्या काळात कोणत्या भट्टीचे हे ठाऊक नसलेले रसकल्प देण्याचे धाडस करू नये. गुडूचीविषयीही थोडे तारतम्य हवे. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे वृत्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वनस्पतीची जात चुकली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. वाद काहीही असो, प्रतिकारशक्तीला चेतविणारी आधुनिक औषधे चालू असता त्याच दिशेने जाणारे आपले द्रव्य देण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञास कळविणे आणि यकृताची तपासणी पाहणे इष्ट.

छातीत पाणी भरून रुग्ण बसल्या जागी धापा टाकत असेल, तर ते पाणी नळीने काढणे हाच पहिला उपशय होय. पुनर्नवा द्यावी, पण त्या आशेवर पाणी काढण्याची वेळ लांबवू नये. वेदनेसाठी मॉर्फिन मिळण्यात पूर्वी परवान्यांची फार अडचण असे. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ती सुकर झाली. टाटा स्मारक रुग्णालयात वेदनाशामक व परिचर्या विभाग आहे. मुंबईत वांद्र्यास १९८६ पासून शांती आवेदना सदन अंतकाळच्या रुग्णांची निःशुल्क सेवा करीत आहे. हे पत्ते प्रत्येक वैद्याच्या टेबलावर असावेत. अन्नद्वेष, मलावरोध, अनिद्रा, मुखपाक, भय ही आपल्या कामाची खरी क्षेत्रे होत. लाजामंड, मुद्गयूष, पादाभ्यंग, योग्य मात्रेत मृदू अनुलोमन यांनी रुग्णाची रात्र सुखाची जाते, हे पुष्कळांनी अनुभवलेले आहे. ते ‘अर्बुदघ्न’ म्हणून नव्हे, तर जे आहे तेच म्हणून द्यावे व लिहावे.

लिहिण्याविषयी थोडे. रुग्णवृत्तांत कसा लिहावा याची ‘केअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१३ साली प्रसिद्ध झाली. ती पाळणे अवघड नाही. बायॉप्सीचा अहवाल, उपचारापूर्वीच्या व नंतरच्या प्रतिमा तारखांसह, समवेत चाललेले इतर सर्व उपचार, शेवटची भेट कधी झाली ती तारीख, आणि रुग्ण दगावला असेल तर तेही. आपल्याकडे आलेल्या अशा दहा रुग्णांपैकी नऊ गेले आणि एक राहिला, तर दहांचाही वृत्तांत एकत्र छापावा. केवळ दहावा छापला, तर तो मॅक्वीनच्या ऑक्टोबरमधल्या निवेदनासारखा होतो.

शेवटी निदानाकडे. ‘सुई घातली की गाठ पसरते’ ही समजूत आपल्या रुग्णांत दृढ आहे आणि काही वैद्य तिला खतपाणी घालतात. मेसोथेलियोमात बायॉप्सी टाळल्याने चिकित्सा तर अंधारात होतेच, शिवाय कुटुंबाचे आर्थिक नुकसान होते. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यांत व्यवसायजन्य रोगांची जी यादी आहे, तीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलियोमा समाविष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ च्या निर्णयात ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काल अधिक असेल तोपर्यंत, जपून ठेवण्याचा आदेश दिलेला आहे. परंतु पेशींचा अहवालच नसेल, तर विधवेने दावा कशाच्या आधारे करावयाचा? म्हणून श्वास व पार्श्वशूल घेऊन आलेल्या साठीच्या रुग्णास त्याच्या तरुणपणीच्या कामाविषयी अवश्य विचारावे. सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांचा कारखाना, गाड्यांच्या ब्रेकचे अस्तर, बॉयलरचे वेष्टन, दारूखाना किंवा अलंग येथील जहाजतोडणी यांपैकी काही निघाल्यास मालकाचे नाव व वर्षे पहिल्याच भेटीत केसपेपरवर लिहून घ्यावी. स्त्री-रुग्ण असेल, तर पतीचे किंवा वडिलांचे कामाचे कपडे ती धूत होती काय, हेही विचारावे.